नाकातून छातीत

(दृश्य: दवाखान्याबाहेरचा बाक, ओल्या छत्र्या)

जूनचा शेवटचा आठवडा. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झालेत आणि पुण्यातल्या या दवाखान्यात बसायला जागा नाही. आया थोड्याफार फरकानं एकच सांगतात. परवा नाक गळत होतं, काल खोकला लागला, रात्री छाती वाजायला लागली.

(दृश्य: मुलाचा गळा, जवळून)

इथे बघा. श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडतोय. दम्यानं उचल खाल्लीय.

पावसात भिजला, गार प्यायला, केळं खाल्लं... घरोघरी कारणं तयार असतात. केळ्याची तर उगाचच बदनामी.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

खरं कारण शोधणारी माणसं या बराकींमध्ये राहिली. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावाजवळ 1946 मध्ये निव्वळ सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू झालं. लोक दहा दिवसांची फुकट सुट्टी म्हणून इथे यायचे आणि नाकात विषाणूंचे थेंब घालून घ्यायचे. मग बुद्धिबळ खेळा, वाचा, फिरायला जा, फक्त इतरांच्या जवळ जाऊ नका. शिंकरलेले कागदी रुमाल मात्र जपून ठेवायचे, कारण त्यांचं वजन व्हायचं!

विषाणू माणसाच्या नाकात झकास वाढायचे, प्रयोगशाळेत मात्र हटून बसायचे. 1960 मध्ये या केंद्रातले शास्त्रज्ञ डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमान 37 वरून 33 अंशांवर आणलं आणि ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे सर्दीचा नेहमीचा विषाणू, वाढू लागला. 33 अंश, म्हणजे साधारण नाकाच्या आतलं तापमान. यावरूनच एक समज पक्का झाला: हा पाहुणा नाकापुरता, छाती त्याला गरम पडते.

तसं नव्हतं. आत ओढलेल्या हवेनं मोठ्या श्वासनलिकाही थोड्या गार राहतात. पुढे दुर्बीण घालून तिथले नमुने काढले, तर हा विषाणू तिथेही सापडला.

सॉल्झबरीपासून जवळच साउदॅम्प्टन. तिथल्या 9 ते 11 वर्षांच्या 108 मुलांनी 13 महिने रोज फुंकरीचा जोर मोजणाऱ्या मीटरमध्ये फुंकून आकडा वहीत लिहिला. आकडा घसरला, छाती वाजली, की नाकातला नमुना घ्यायचा. 1995 मध्ये निष्कर्ष आले. दम्यानं उचल खाल्लेल्या 100 वेळांपैकी 80 ते 85 वेळा नमुन्यात विषाणू होता, आणि बहुतेक वेळा हाच, सर्दीचा.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली हलणारी लव)

वाऱ्यावर हलणाऱ्या भातासारखी ही श्वासनलिकेतली लव. ऱ्हायनोव्हायरस इथे फ्लूइतकी मोडतोड करत नाही. गोंधळ उडतो तो शरीराच्या प्रतिकारात. दम्यात हे अस्तर आधीच सुजलेलं असतं. त्यातून 2005 च्या एका प्रयोगात दमेकऱ्यांच्या पेशींनी विषाणू रोखणारं इंटरफेरॉन कमी तयार केलं आणि विषाणू जास्त वाढला. मग सूज आणखी चढते, चिकट कफ साठतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात.

(दृश्य: सरबताच्या दोन नळ्या, एक जाड, एक बारीक)

नळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढीच हवा ओढायला 16 पट जोर लागतो. मुलांच्या नळ्या मुळातच बारीक.

काहींना ऑक्सिजन लागतो, दाखल करावं लागतं, शाळा बुडते.

(दृश्य: टेबलावर दोन पंप)

आता हे दोन पंप. एक धाप लागल्यावर घ्यायचा, त्यानं आवळलेले स्नायू सैल होतात. दुसरा सूज कमी ठेवणारा, रोज घ्यायचा, मूल हुंदडत असलं तरीही. बंद होतो तो नेमका हाच. मे महिन्यात मूल ठणठणीत दिसतं, कुणीतरी शेजारी सांगतं, ‘पंपाची सवय लागते हो’, आणि तो फडताळात जातो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा अस्तर पुन्हा सुजलेलं असतं. मग धावाधाव, आणि विषाणूवर काडीचाही उपयोग नसलेलं अँटिबायोटिक.

(दृश्य: तोच मुलगा. तोंडावर मास्क, मास्कला स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क जोडणारी पोकळ नळी)

पंप एकदा दाबायचा. मग सावकाश पाच श्वास. आई बोटांवर मोजतेय.

(निवेदन इथे थांबवा. मोजण्याचा मूळ आवाज पाचपर्यंत ठेवा.)