शेपटीजवळचा पर

(पहाट. मांडवीकाठचं खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली खारी शेतजमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, लाकडी दारं.)

ओहोटी लागली की पाण्याच्या रेट्याने ही दारं आपोआप उघडतात. तोंडाशी जाळं लावलेलं असतं. शेवटे, कालुंदर, आणि नशीब जोरावर असेल तर एखादा चोणक. रायगडकर त्यालाच जिताडा म्हणतात.

चोणक नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो; पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात. अमेरिकेतल्या सॅल्मनचं उलट. जन्म गोड्या पाण्यात, वाढ समुद्रात, विणीला पुन्हा नदीत. (मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' म्हणून मिरवणारा आपला रावस त्याचा दूरचाही नातेवाईक नव्हे!)

(नकाशा : अमेरिकेतली कोलंबिया नदी.)

1938 साली इथे बॉनव्हिल धरण झालं. पुढच्या ग्रँड कूली धरणाला तर मासे वर चढायला पायऱ्याच ठेवल्या नाहीत. भरपाई म्हणून हॅचऱ्या, म्हणजे टाक्यांत माशांची पिल्लं तयार करणारी केंद्रं, वाढल्या, कोट्यवधी पिल्लं नदीत सुटली. पण टाकीत वाढलेल्या पिल्लाला वरून सावली पडली की खाणं येतं, एवढंच ठाऊक. नदीत सावली बगळ्याची असते. शिवाय टाकीत तगणारेच पुढे विणीला येतात. सॅल्मनच्याच कुळातल्या स्टीलहेडवर हूड नदीत अभ्यास झाला, 2007 साली प्रसिद्ध झाला. टाकीतल्या दर पिढीमागे निसर्गात प्रजा वाढवण्याची ताकद सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. ही पिल्लं रानटी माशांशी जुळली, की तो कमकुवतपणा त्यांच्याही वंशात उतरतो.

मग हॅचऱ्या बंदच कराव्यात? आयडाहोतल्या रेडफिश तळ्यात 1992 साली सॉकआय जातीच्या सॅल्मनचा एकच नर परतला. एकच! तिथला वंश टिकला तो हॅचरीमुळे. मरणपंथाला लागलेल्यासाठी ती सलाइन आहे. धडधाकट नदीला कशाला लावायची?

(पुन्हा मानस. जाळं वर येतं.)

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 साली चोणकाचं बीज हॅचरीत तयार केलं. पिंजऱ्यात, तळ्यात ते जरूर वाढवावं. पण उद्या कुणी तेच मांडवीत सोडू म्हणालं, तर आधी विचारावं : आई-बाप कुठल्या पाण्यातले?

अमेरिकेत हॅचरीच्या अनेक पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून सोडतात, म्हणजे गळाला लागलेला मासा घरचा की रानातला ते कळतं. चोणकाला तो परच नसतो.