नवीन तुकडा हातात आला, आता तणाचं काय करायचं?

हा बघा, हा तुकडा. कंबरेएवढं गवत, मधेमधे गाजर गवताची पांढरी फुलं, आणि जमिनीच्या पोटात काय दडलंय ते अजून दिसतच नाहीये. भाजीपाल्यासाठी अशी पडीक जागा ताब्यात आली की पहिल्याच दिवशी हात शिवशिवतात, वाटतं एकदा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र, फिरवला की दोन तासात सगळं मोकळं. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं, दिसायला रान एकदम छान झालं, आणि तीन आठवड्यात आधीपेक्षा दाट हराळी वर आली.

असं का होतं ते जवळून बघा. ही हराळीची कांडी, पांढरी, कडक, टोक तर सुईसारखं. आणि हे पेर दिसतंय ना, अशा प्रत्येक पेराला डोळा असतो. रोटाव्हेटरने एका कांडीचे दहा तुकडे केले म्हणजे आपणच दहा ठिकाणी लागण केली की हो. आणि हा लव्हाळा. उपटला तर पात हातात येते, गाठ खालीच राहते. ही बघा ती, काळी खडबडीत, फोडली की आत पांढरी आणि वास किती सुंदर, हाच नागरमोथा! एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते खाली, आणि लव्हाळ्याच्या कोंबाचं टोक इतकं तीक्ष्ण की तण दाबायला अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर सुद्धा टोचून वर येतं.

बियांचं तर विचारूच नका. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचं बी वाळूत मिसळून बाटल्यांमध्ये पुरून ठेवलं होतं, त्यातली एक बाटली २०२१ ला उकरली तर १४२ वर्षांनी पण काही बी उगवलं. म्हणजे खोल खणून आपण झोपलेलं बी उजेडात आणतो, आणि बऱ्याच तणांना उगवायला तेवढा उजेड पुरतो.

म्हणून माझं म्हणणं एकच, सगळा प्लॉट एकदम उघडा करू नका. आधी सगळं विळ्याने जमिनीलगत कापा, तेही बी धरायच्या आत, गाजर गवत तर फुलायच्या आधीच आणि हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते त्याने. मग जेवढं रोज सांभाळता येईल तेवढंच, समजा एक चतुर्थांश, उघडं ठेवा आणि बाकीचं झाका. पुठ्ठे चालतात, टेप आणि पिना काढून, कडा एकमेकांवर वीतभर चढवून, चांगले भिजवून, वर १० ते १५ सेंटीमीटर पालापाचोळा. फट राहिली की हराळी तिथनंच डोकं काढणार.

उघड्या भागात ओल असताना फोर्कने, म्हणजे बागकामाच्या दातेरी काट्याने, माती सैल करायची आणि कांडी न तोडता ओढून काढायची. काम कंटाळवाणं आहे, पण ह्याला शॉर्टकट नाही. काढलेल्या कांड्या आणि गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, कडक उन्हात पार खडखडीत वाळवा. मग वाफा तयार करा, पण पेरायची घाई करू नका, नुसतं पाणी द्या. १०-१२ दिवसात तणाची बारीक हिरवी लव येते, ती ऊन असताना खुरप्याने वरच्यावर खरवडायची, खोल नाही, दोन बोटंसुद्धा नाही. त्यानंतर पेरणी, ओळीत, म्हणजे मधून खुरपं फिरतं. पहिले ४ ते ६ आठवडे तण दोन पानांवर असतानाच काढलं तर पुढे पीकच सावली धरतं. लव्हाळ्याची पात मात्र दिसली की कापायची, पुन्हा आली की पुन्हा, गाठीतला साठा संपेपर्यंत.

परवा झाकलेल्या भागात पुठ्ठ्याचा एक कोपरा उचलून बघितला. खाली हराळी पिवळी पडलीये, माती भुसभुशीत, गांडुळं आलीत, पण दोन-तीन पांढरी टोकं उजेडाच्या दिशेने कडेला सरकत होती. ती काढली, पुठ्ठा परत ठेवला, वर दोन पाट्या पाला टाकला.