घरं एकेक करून येतात, परवानगी एकदाच दिली जाते

नमस्कार. गावाच्या नव्या झोनिंग नियमावलीचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांचा, विषय निघाला की एक मुद्दा हमखास पुढे येतो. हा तर नुसता कागद आहे, यानं वीट रचली जात नाही की झाड तोडलं जात नाही, मग पर्यावरणावरचा परिणाम तपासायचा तरी कसला? हे मी अहवालांतही वाचलं आहे. ‘थेट परिणाम नाही’ एवढ्या एका ओळीत अख्खं प्रकरण आटोपलेलं. मला त्या ओळीची फार काळजी वाटते, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

नकाशावर शेताचा एक तुकडा हिरवा असतो. नव्या नियमावलीत तो पिवळा होतो, म्हणजे निवासी. त्या दिवशी शेतात काहीही बदलत नाही. पण जमिनीचा भाव बदलतो, मालकाच्या मनातले बेत बदलतात आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथं घरं येतात. ती एकेक करून येतात. एका घरासाठी कुणी पर्यावरणाचा अहवाल मागत नाही, आणि मागूही नये. एका घरानं ओढ्याचं काय बिघडणार? दुसऱ्यानंही बिघडत नाही. पाचशेव्या घरापर्यंत ओढ्याचं गटार झालेलं असतं, पण ते अमक्या परवानगीनं झालं असं दाखवता येत नाही. ही सगळी घरं एकत्र पाहण्याची वेळ एकदाच येते, नियमावली मंजूर होण्याआधी.

काही देशांच्या कायद्यांनी हे ओळखलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं 1975 मध्ये पर्यावरण आढाव्याचा कायदा केला. त्याखालच्या नियमांनुसार गावाची पहिली सर्वंकष झोनिंग नियमावली, किंवा 25 एकर वा त्याहून जास्त जमिनीच्या अनुज्ञेय वापरातला बदल, हे मोठा परिणाम संभवणाऱ्या निर्णयांत मोडतात. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानंही प्रकल्पांच्या आधी आराखड्यांकडे पाहायला लावलं. झोनिंगचा सर्वात गाजलेला खटला तर एका गावाचाच आहे. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या युक्लिड गावानं 1922 मध्ये नियमावली केली, 68 एकरांची मालक असलेली ॲम्बलर रिअल्टी ही कंपनी कोर्टात गेली, आणि 1926 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतरही ती जमीन कितीतरी वर्षं मोकळीच राहिली. तिच्यावर कारखाना उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. नियम आज होतो आणि जमीन त्याला वीस वर्षांनी उत्तर देते. त्यामुळे ‘आत्ता तर काहीच दिसत नाही’ या बोलण्याला अर्थ नाही.

मग मोजायचं काय? परवानगी मोजायची. नियोजनाच्या भाषेत याला बिल्ड-आउट म्हणतात, म्हणजे नियम जेवढं बांधू देतो तेवढं सगळं बांधलं गेलं तर काय होईल याचा हिशोब. समजा 100 हेक्टरचा पट्टा आहे. त्यातले 30 हेक्टर तीव्र उताराचे, ओढ्याकाठचे, पूररेषेतले. उरले 70. त्यातले 20 टक्के रस्ते आणि मोकळ्या जागेला गेले की 56 हेक्टर प्लॉटसाठी राहतात. गुंठा ढोबळमानानं 100 चौरस मीटरचा धरू. जुन्या नियमात किमान प्लॉट 40 गुंठ्यांचा असेल तर 140 घरं बसतात. नव्यात तो 10 गुंठ्यांचा केला तर 560. घरटी चार माणसं आणि माणशी दिवसाला 150 लिटर पाणी धरा. रोज 3 लाख 36 हजार लिटर पाणी लागेल आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडेल. ते 560 शोषखड्ड्यांत जाणार असेल आणि पिण्याचं पाणी त्याच जमिनीतल्या बोअरवेलमधून येणार असेल, तर तो सगळा अहवाल याच एका प्रश्नाभोवती फिरला पाहिजे. पक्ष्यांची यादी त्याच्यानंतर.

पावसाचंही तसंच आहे. एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5 लाख लिटर पाणी होतं. गवत-झाडांच्या जमिनीवरून त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे लाखभर लिटर वाहून जाईल असं धरा. तेवढ्याच छपरा-डांबरावरून साडेचार लाख वाहील, आणि शिवाय ते घाईनं येईल. गावाबाहेरच्या मोरीपाशी भर पावसात एकदा उभं राहून पाहा. पूर्वी पाऊस थांबल्यावरही संथपणे चढणारं पाणी आता पावसाबरोबरच गढूळ होऊन धडकतं, मोरीच्या तोंडाशी फांद्या अडकतात, तुंबलेलं पाणी बाजूची कड कापत जातं. लहान ओढ्यांवरच्या अभ्यासांत असं वारंवार दिसलं आहे की पाणलोटातला साधारण 10 टक्के भाग छपरं-रस्त्यांखाली गेला की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते. दहा टक्के म्हणजे अजून डोळ्यांना गाव हिरवंगार दिसत असतं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हे आकडे ऐकून लोक लगेच मोठे प्लॉट मागतात. 560 कुटुंबं नव्या नियमात 56 हेक्टरवर मावतात. जुन्या नियमात त्यांनाच 224 हेक्टर लागतील. ती जमीन या गावात नसेल तर शेजारच्या गावाची शेतं जातील, आणि प्रत्येक घरामागं रस्ता लांबेल तो वेगळाच. म्हणून तुलना दोन्ही अंगांनी करावी लागते: तेवढीच जमीन धरून आणि तेवढीच माणसं धरून. माझं मत विचाराल तर दाट वस्ती एका बाजूला, सामाईक सांडपाणी प्रक्रियेसह, आणि बाकीची जमीन कायमची मोकळी, हा बहुतेक वेळा चांगला पर्याय ठरतो. पण ‘कायमची’ हा शब्द नियमावलीत लिहिलेला हवा. नुसता नकाशावर हिरवा रंग पुरत नाही, तो पुढच्या दुरुस्तीत पिवळा होतो.

आणखी एक चलाखी होते. नवा नियम जुन्या नियमाशीच ताडून पाहतात. समजा दुसऱ्या एखाद्या गावात जुन्या नियमात 500 घरं चालत होती, नव्यात 560 चालतात, म्हणजे फक्त 60 ची वाढ, असं लिहून टाकतात. प्रत्यक्षात जमिनीवर चाळीसच घरं असतात. ओढ्याला कागदावरची घरं ठाऊक नसतात. ही दुसरी तुलना, आज उभ्या असलेल्या गावाशी, अहवालात नसेल तर ती मागा.

त्यासाठी आजचं गाव आधी मोजून ठेवावं लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी कुठल्या विहिरीत किती पाणी होतं, ओढा कुठल्या महिन्यापर्यंत वाहता होता, हे तारखेसकट. मग नियमावलीतच उंबरठा लिहिता येतो: इतकी घरं मंजूर झाली, किंवा ठरलेल्या विहिरींची पातळी अमुक हातांखाली गेली, की नव्या परवानग्या थांबतील आणि मोजणी पुन्हा होईल. मोजणी कुणी करायची, दर किती वर्षांनी, खर्च कुणाचा, हेही तिथंच लिहा.