पास लेक : फ्लाय फिशिंगचा एक मोकळा दिवस

[दृश्य : सकाळ. रस्त्याकडेचा छोटा धक्का, पलीकडे तळं, उतारावर डग्लस फरची झाडं.]

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलहून उत्तरेला दीड-दोन तास गाडी चालवली की फिडाल्गो बेट लागतं. बेटाच्या दक्षिण टोकाला डिसेप्शन पास या सामुद्रधुनीवरचा पूल आहे, १९३५ साली पुरा झालेला. पुलावर फोटो काढायला निघालेले लोक त्याच्या थोडं अलीकडे एका तळ्याला वळसा घालतात आणि बहुतेक जण न थांबता पुढे जातात. त्या तळ्याचं नाव पास लेक.

आज कामाचा वार आहे. धक्क्यावर तीनच गाड्या आहेत. रजा टाकून आलेली माणसं डिकीतून रॉड काढून जोडताहेत. कुणी घाईत दिसत नाही.

या तळ्याला शांत म्हणतात, पण रस्ता अगदी काठावरून जातो आणि जवळच्या व्हिडबी बेटावर नौदलाचा तळ असल्यामुळे अधूनमधून लढाऊ विमानं डोक्यावरून गर्जत जातात. शांतता आहे ती पाण्यावर. मोटर लावलेल्या होडीतून इथे मासेमारीला मनाई आहे. वल्ही मारा, नाहीतर पाय मारा.

[दृश्य : फ्लोट ट्यूबमध्ये बसलेला माणूस, पायांत फिन, उलट्या दिशेने सरकतोय.]

ही फ्लोट ट्यूब. हवा भरलेल्या या बैठकीत कमरेपर्यंत पाण्यात बसायचं आणि पायातल्या फिननी, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंख्यांनी, मागे मागे जायचं. वसंत ऋतूतलं पाणी थंडगार असतं, म्हणून छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ विजार, म्हणजे वेडर्स, आणि अंगावर लाइफ जॅकेट लागतंच.

आपल्याकडे खाडीवर गरवणाऱ्याच्या गरीला कोळंबीचा तुकडा असतो, वर शिसं असतं, आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे गळाला खरं आमिष नसतं आणि वजन तर जवळजवळ नसतंच. पिसं, धागा आणि बारीक तार गुंडाळून बनवलेली ती नकली माशी म्हणजे फ्लाय. तिला फेकायचं कसं? फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी. रॉड मागे नेला की दोरी मागे उलगडते. ती पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं, मग रॉड पुढे. शिकणारे त्या थांबण्यातच चुकतात, कारण हाताला जोर लावायची सवय असते.

पण फेकणं हा दिसायला देखणा भाग झाला. तळ्यावरची खरी विद्या पाण्याखाली काय चाललंय ते ओळखण्यात आहे, आणि माझ्या मते मोकळा दिवस द्यावा तो याच्यासाठी.

[दृश्य : जवळून, पाण्यावर तरंगणारी चिलटाची रिकामी कात.]

ही कात पाहा. तांदळाच्या दाण्याएवढी. कायरोनॉमिड नावाच्या, न चावणाऱ्या चिलटाची. याची अळी तळाच्या चिखलात राहते. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून अनेक जातींच्या अळ्यांमध्ये हिमोग्लोबिन असतं आणि त्या लालभडक दिसतात. अळीचा कोष झाला की कातडीखाली वायू साठतो, कोष चांदीसारखा चमकू लागतो आणि हळूहळू वर चढतो. पृष्ठभागाशी आल्यावर पाठ उकलते, चिलट बाहेर पडून उडून जातं. रिकामी कात पाण्यावर राहते.

वर चढणाऱ्या त्या कोषाला पळता येत नाही. ट्राउट माशाला हे पक्कं ठाऊक असतं. तो ठरावीक खोलीवर फिरत राहतो आणि समोर येईल तो कोष टिपतो. म्हणून इथले जाणकार आधी काठावरच्या काती बघतात, कोषाच्या रंगाची आणि मापाची फ्लाय निवडतात, दोरीवर छोटा तरंगता गोळा लावतात आणि फ्लाय तळापासून वीतभर वर लटकेल अशी खोली ठेवतात. मासा लागला नाही की फ्लाय बदलण्याआधी खोली बदलायची. दोन हात वर, पुन्हा दोन हात. वाऱ्याने दोरी जेवढी सरकेल तेवढीच सरकू द्यायची. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता बसलाय. पण त्याची नजर त्या गोळ्यावरून क्षणभरही हलत नाही.

[दृश्य : गोळा बुडतो. रॉड वाकतो.]

रेनबो ट्राउट. पॅसिफिकच्या या किनाऱ्याचा मूळ रहिवासी. याच तळ्यातला ब्राउन ट्राउट मात्र युरोपातला. त्याची अंडी १८८३ साली जर्मनीहून पहिल्यांदा अमेरिकेत आली. ब्राउन जास्त बुजरा. मोठा झाला की छोटे मासे खातो, आणि उजेड उतरल्यावर काठाजवळ येतो.

मासा जाळ्यात आलाय. जाळं बिनगाठीचं आहे, कारण गाठींनी खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर गेला की माशाला रोग जडतो. हात आधी ओले केले आहेत. गळाला उलटा काटा नाही, नियमानेच नाही, त्यामुळे चिमटीने जरा मागे ढकलला की सुटतो. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढतच नाहीत. पास लेकवर फक्त फ्लायने मासेमारी करता येते आणि लागलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. ज्या घरात मासा म्हणजे कढई तापवायची, तिथे हे पटायला वेळ लागतो. पण इतक्या लहान तळ्यात, इतक्या माणसांच्या हातून गेलेले मासे तरीही मोठे होतात, ते या नियमामुळे.

उन्हाळ्यात इथे येऊ नये असं मी मनापासून सांगेन. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउट आधीच धापा टाकत असतो. अशा वेळी दमवून सोडलेला मासा पोहत गेला तरी जगेलच असं नाही. वसंत आणि शरद, हे इथले दिवस.

[दृश्य : संध्याकाळ. धक्का.]

दोघं निघालेत. तिसरा ब्राउनसाठी थांबलाय. त्याने तरंगता गोळा काढून बुडणारी दोरी लावली आहे. तिच्या टोकाला वूली बगर, मऊ पिसांची काळी, जळवेसारखी फ्लाय. आता तो काठाला समांतर, सावकाश पाय मारत जाईल.

निघणाऱ्या दोघांचं काम अजून संपलेलं नाही. वेडर्स, फिन, ट्यूब, सगळ्यावरचं शेवाळ आणि चिखल इथेच काढायचा, पाणी निथळू द्यायचं, घरी नेऊन खडखडीत वाळवायचं. एका तळ्यातली गोगलगाय किंवा पाणवनस्पती दुसऱ्या तळ्यात गेली तर तिथली चिलटं, अळ्या, मासे, सगळ्यांचंच गणित बिघडतं. पुढच्या रजेला त्यांना दुसऱ्या तळ्यावर जायचंय, म्हणून बुटांचे तळवे ते दोनदा घासताहेत.