महाबलीपुरमचे अर्धवट दगड

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मामल्लपुरम ते वेरूळ’. वेरूळला पोचायचंच आहे, पण आधी एका बसबद्दल बोलू द्या, कारण ते दुखणं अजून गेलेलं नाही.

पहिल्यांदा मी मामल्लपुरमला, म्हणजे आपल्या महाबलीपुरमला, गेलो ते चेन्नईहून एका सहल कंपनीबरोबर. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. उतरताना गाइड म्हणाला, ‘पाऊण तास आहे.’ त्यातली वीस मिनिटं कृष्णाच्या लोण्याच्या गोळ्यापाशी गेली. खडकाच्या उतारावर टेकलेला तो अवाढव्य धोंडा. प्रत्येकाला तो ढकलतानाचा फोटो हवा! पंचरथ, म्हणजे अखंड खडकातून कोरलेली पाच देवळं, आम्ही बसच्या खिडकीतून पाहिली. आणि ‘अर्जुनाची तपश्चर्या’ या खडकावरच्या शिल्पपटासमोर उभा राहून मी मांजर शोधतोय, तेवढ्यात हॉर्न वाजला.

ते मांजर कुणी पाहिलंय? हात वर करा. तिघं-चौघंच? मग ऐका. सुमारे २७ मीटर लांबीच्या त्या शिल्पपटात वर एक तपस्वी एका पायावर, हात उंचावून उभा आहे. कुणी त्याला अर्जुन म्हणतं, कुणी गंगेसाठी तप करणारा भगीरथ. खाली हत्तींच्या पुढ्यात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे डोक्यावर नेऊन तस्संच तप करतंय, आणि भोवती उंदीर. आपल्याकडे बगळा ध्यान लावतो, तिकडे मांजर! तेराशे वर्षांपूर्वीचा पाथरवट आपल्याला हसवतो, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे दहा मिनिटं नसतात. याचा मला राग येतो.

दुसऱ्या खेपेला तीन दिवस मुक्काम केला. तेव्हा दिसलं ते खरं सांगायचंय. तिथल्या काही अर्धवट गुहांत दगडावर चौकटी आखल्यासारख्या दिसतात. चारी बाजूंनी खोल चर, मध्ये हातभर चौकोन उभा. आधी चर खणायचे, मग सुटा झालेला चौकोन उडवायचा, की पुढची पातळी मोकळी. ग्रॅनाइटसारखा हट्टी दगड असा पोखरला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. ते घाव इथं बोटांनी मोजता येतात. पंचरथांपैकी धर्मराज रथाचा माथा कोरीव, तळमजला अपुरा. म्हणजे काम वरून खाली उतरत होतं. पूर्ण झालेलं देऊळ हे कधीच सांगणार नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. ठीक आहे, वेरूळला धावत जाऊ.

पल्लव राजा नरसिंहवर्मन पहिला, तोच मामल्ल. त्यानं इ. स. ६४२च्या सुमारास चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्याला हरवून त्याची राजधानी वातापी, म्हणजे आजची बदामी, घेतली. हा पुलकेशी आपला. ऐहोळेच्या ६३४च्या लेखात त्याला तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटलंय. पुढं पल्लव राजसिंहानं किनाऱ्यावरचं देऊळ आणि पल्लवांची राजधानी कांची इथलं कैलासनाथ बांधलं. चालुक्य विक्रमादित्य दुसऱ्यानं कांची जिंकली, पण कैलासनाथाचं धन परत केलं आणि तसा कानडी लेख तिथंच कोरून ठेवला. त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ उभारलं. राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या वेरूळच्या कैलासाचा आराखडा या विरूपाक्षाशी जुळतो. दगड बदलला, ग्रॅनाइटऐवजी आपला काळा बेसाल्ट आला, पण माथ्यापासून सुरुवात तीच. सूड घ्यायला गेलेले राजे देवळं पाहून परतले. माझ्या मते कैलासाचं बीज त्या फेऱ्यांत आहे.

पुढच्या वेळी वेरूळला गेलात, तर १६ क्रमांकावरून, म्हणजे कैलासावरून, परत फिरू नका. जैन लेण्यांपैकी ३० क्रमांकाच्या छोट्या कैलासापर्यंत चालत जा. तोही अर्धवट राहिलेला. बॅटरी तिरकी धरा, टाकीचा एकेक घाव उठून दिसेल.