आहेरातला शर्टपीस

(दृश्य: तालुक्याच्या गावचं टेलरचं दुकान, कटिंगच्या टेबलावर शर्टपीसचा ढीग, बाहेर रसवंतीच्या घुंगराचा आवाज)

लग्नसराई लागली का आपल्या इकडे घरोघरी शर्टपीस जमा होते, मामाकडून एक, व्याह्याकडून एक, अन् कोणाकडून आला आठवतच नाही असे दोन-तीन. त्यातले अर्धे तर पन्नी न फोडता पुढच्या लग्नात दुसऱ्याले आहेर म्हणून जातेत. पण घरात पोराचा साखरपुडा निघाला, नाहीतर इंटरव्ह्यू निघाला, का बाप कपाटातून त्यातलाच एक पीस काढते अन् टेलरपुढे टाकते, म्हणते घे बापा, चांगला शिव.

(दृश्य: जवळून, टेलरची बोटं कापडावर)

आता टेलर काय करते पाहा. मुठीत कापड चुरगाळते अन् सोडते. लगेच सरळ झालं तर टेरिकॉट, घडी तशीच राहिली तर सुती. तरी डाउट असला तर कडेचे दोन धागे उपसून काडी लावते. सुताचा धागा भुरभुर जळते, कागद जळल्याचा वास येते, राख बोटानं चोळली का उडून जाते. पॉलिस्टर जळता जळता वितळते अन् टोकाले काळी टणक गोळी बनते. पाकिटावर काय छापलं ते छापलं, काडी खोटं नाही बोलत.

टेरिकॉट म्हणजे बरेचदा 67 टक्के पॉलिस्टर अन् 33 टक्के कापूस. रोजच्या वापराले वाईट नाही, लवकर वाळते, इस्त्री नसली तरी चालते. पण मे महिन्यात, 45 डिग्रीत, मंडपात पंगत वाढाची असली तर तो शर्ट पाठीले चिकटते, अन् तेही कापसाच्या जिल्ह्यात, काय म्हणावं! नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल 1877 ले सुरू झाली होती, आता ती नाही, आपला बराचसा कापूस जिनिंगमधून गाठी बांधून बाहेर जाते अन् शर्टपीस होऊन बाजारात परत येते. शंभर किलो कापसातून साधारण 33-34 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, म्हणजे एका फुल शर्टाले किलोभर कापूस लागते असं धरून चाला.

दुकानदार मोठ्या तोऱ्यात सांगते, साहेब 100 काउंट आहे. काउंट म्हणजे एक पौंड सुतातून 840 यार्डाच्या किती लडी निघतेत तो आकडा, म्हणून नंबर जेवढा मोठा तेवढा धागा बारीक. कापड मऊ लागते, पण नाजूक. घरी दगडावर आपटून धुणं होत असन तर मी म्हणतो 40 ते 60 काउंटचंच घ्या.

कापाच्या आधी दोन गोष्टी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, 58 इंची पन्ह्यात फुल शर्टाले 1.60 मीटर पुरते, 36 इंचीत सव्वादोन ते अडीच लागते, अन् माणूस भरलेला असला तर अजून. दुसरं, सुती कापड रातभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते अन् सगळ्यात आधी गळा आवळते.

(दृश्य: माप घेताना, गळ्याभोवती टेप)

माझं विचाराल तर शर्टाचा सगळा जीव कॉलरीत आहे. वरचं बटन लावून आत दोन बोटं सुखानं गेली पाह्यजे. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर, कफ मनगटावर, झालं. रंगबिंग ज्याचा त्यानं पाहावा. अन् उरलेलं कापड टेलरजवळ सोडू नका, घरी आणा, कारण कॉलर आधी झिजते, तेव्हा त्याच कापडाची नवी लावता येते. जुने टेलर कॉलर उसवून उलटी लावून द्यायचे, आताही कोणी कोणी देते, फक्त मागा लागते.

(दृश्य: बोअरवेलचा नळ, बादलीत साबणाचा पांढरा साका)

मग येते आपलं बोअरचं पाणी. जड पाणी, साबणाले फेस कमी अन् साका जास्त, तो साका सुतात बसते म्हणून पांढरा शर्ट सहा महिन्यात मळकट दिसते. पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवा, मग साबण. कॉलरले साबण लावून बोटानं चोळा, ब्रश नको, मोगरी तर नकोच, बटनं फुटतेत. बगलेच्या पिवळ्या डागावर ब्लीच ओतू नका, डाग अजून पिवळा होते. हळदीचा डाग साबण लावला का लाल होते, तेव्हा बाया घाबरतेत, घाबराचं काम नाही, धुऊन कडक उन्हात टाका, ऊनच तो फिका करते. रंगीत शर्ट मात्र उलटा करून सावलीत.

इस्त्री शर्ट थोडा ओलसर असतानाच करा. लेबलवर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतेत, सुती कापड तीन टिंबांची म्हणजे 200 डिग्रीपर्यंतची इस्त्री सहन करते, पॉलिस्टरले दोन टिंबांची, 150 पर्यंतची. वरठ्याच्या, म्हणजे धोब्याच्या, कोळशाच्या इस्त्रीले टिंब नाही, ती आधी शर्टाच्या आतल्या खालच्या कडेवर फिरवून पाहा लागते. पहिले कॉलर, टोकाकडून मधात, मग कफ, बाह्या, शेवटी अंग.

अन् खळ घातलेला शर्ट पेटीत वर्षभर ठेवू नका. खळीवर कसर लागते, लग्नाच्या दिवशी काढसान तर भोकं. साध्या पाण्यानं खळ काढून, पूर्ण वाळवून ठेवा, खळ काय, घालाच्या आदल्या दिवशी पुन्हा देता येते.