दुपारी दोनपर्यंतचा रेडिओ

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘ब्रिटनमधली महागाई, राजकारण आणि बीबीसीची स्वायत्तता’ असा छापला आहे. ऐकायला तीन विषय वाटतात. मला ते तिन्ही एकाच स्वयंपाकघरात भेटले, म्हणून तिथूनच सांगायला घेते.

इंग्लंडच्या साधारण मध्यावर स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं शहर आहे. चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. मी तिथे नऊ वर्षं नर्स होते. शेजारी एक आजी राहायच्या. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण मनात त्या आजीच होत्या. कारखान्यात कपबश्यांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरही हात तसाच स्थिर होता.

त्यांच्या ओट्याजवळ भिंतीवर विजेचा मीटर होता. आधी पैसे, मग वीज. प्लास्टिकची छोटी किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, दहा पौंड भरून आणायची आणि मीटरमध्ये खुपसायची. दिवसभर एकही बटण दाबलं नाही तरी स्थिर आकार कापला जायचाच. आजी सकाळी उठल्यावर देवाचं नाव घ्यावं तसा त्या पडद्यावरचा आकडा आधी पाहायच्या. फ्रिजवर रेडिओ, आणि त्यावर दिवसभर रेडिओ स्टोक, म्हणजे बीबीसीचं आमचं स्थानिक केंद्र.

२९ सप्टेंबर २०२२ च्या गुरुवारी मी रात्रपाळी संपवून घरी आले आणि नेहमीसारखी आजींकडे डोकावले. त्यांनी बोटानेच खुणावलं, बोलू नकोस. रेडिओवर पंतप्रधान लिझ ट्रस होत्या. आदल्या शुक्रवारी त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५०० कोटी पौंडांची करकपात जाहीर केली होती. तो पैसा कुठून भरून काढणार याचा हिशेब दिला नव्हता. पौंड कोसळला, सरकारी रोख्यांचा बाजार इतका हादरला की बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं, आणि बँकांनी गृहकर्जाच्या योजना पटापट मागे घेतल्या. पंतप्रधान चार दिवस गप्प होत्या. मग त्यांनी राष्ट्रीय वाहिन्यांऐवजी बीबीसीच्या आठ स्थानिक केंद्रांना मुलाखती दिल्या. लीड्स, नॉरफोक, केंट, लँकेशर, नॉटिंगहॅम, टीस, ब्रिस्टल आणि आमचं स्टोक. प्रत्येकाला काही मिनिटं, सगळं मिळून तासाभरात उरकलं.

लीड्सच्या निवेदिकेने विचारलं, इतके दिवस तुम्ही होता कुठे? केंटच्या निवेदिकेने श्रोत्यांनी पाठवलेले प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यातला एक होता, जे केलंत त्याची लाज वाटते का? स्टोकच्या निवेदकाने गृहकर्जाचा हिशेब मांडला : करात जे वाचेल त्याहून जास्त हप्त्यात जाणार. यावर पंतप्रधानांकडून काही क्षण उत्तरच आलं नाही. रेडिओवर शांतता फार मोठी असते. आजींच्या त्या स्वयंपाकघरात फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, “हा मुलगा माझ्याच रस्त्यावरचा असल्यासारखा बोलतोय.”

मला पुढे तासभर जे सांगायचं आहे ते या वाक्यात आहे. लंडनचे नावाजलेले पत्रकार रोज नेत्यांना भेटतात, एकमेकांची भाषा त्यांना पाठ झालेली असते. स्टोकचा माणूस सकाळी त्याच बाजारातून दूध आणतो, त्याच्या भावाचा हप्ता वाढलेला असतो. सत्तेला थेट प्रश्न विचारायची ताकद तिथून येते. ट्रस यांनी २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला. त्या एकूण ४९ दिवस पंतप्रधान होत्या.

त्या काळातल्या महागाईची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे देते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनचा महागाई दर ११.१ टक्के झाला, ४१ वर्षांतला सर्वांत जास्त. मार्च २०२३ मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षात १९ टक्क्यांहून अधिक महागल्या होत्या. डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का असलेला बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोचला. २०२३-२४ या वर्षात ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी ३१ लाखांहून जास्त शिध्याची पाकिटं वाटली. जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एका देशात, मंडळी.

आता बीबीसीच्या पैशाकडे येते. तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स काढावं लागायचं. पोस्टात जायचं, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. ब्रिटनमध्ये रेडिओचं लायसन्स १९७१ मध्ये गेलं, टीव्हीचं राहिलं. एप्रिल २०२५ पासून त्याचे वर्षाला १७४.५० पौंड पडत होते. यातून बीबीसीला वर्षाला सुमारे ३८० कोटी पौंड मिळतात. कल्पना चांगली होती. जाहिरातदाराचा पैसा नाही म्हणून त्याचं दडपण नाही. सरकारी तिजोरीतून पगार नाही म्हणून मंत्र्याचा फोन नाही. श्रोता मालक.

पण रक्कम ठरवतं कोण? सरकार. शंभर वर्षांची सगळी ओढाताण या एका गोष्टीभोवती फिरते. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात विन्स्टन चर्चिल यांना बीबीसी थेट ताब्यात घ्यायची होती. बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी ती वाचवली, याचा त्यांच्या चरित्रकथेत गौरव होतो आणि तो रास्तही आहे. किंमत मात्र मोजावी लागली. संप चालू असताना मजूर पक्षाच्या नेत्याला बोलू दिलं नाही, कँटरबरीच्या आर्चबिशपांचं तडजोडीचं आवाहनही रोखून धरलं. पुढच्या वर्षी, १ जानेवारी १९२७ ला, राजसनद, म्हणजे ठरावीक मुदतीचं राजाचं अधिकारपत्र, मिळून बीबीसीचं महामंडळ झालं. स्वायत्तता म्हणून जे मिळालं ते अशा सांभाळून घेण्यातून मिळालं, हे विसरून चालणार नाही.

आजींच्या लायसन्सची गोष्ट सांगते, म्हणजे आजची ओढाताण कळेल. २००० साली मजूर सरकारने पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना टीव्ही लायसन्स फुकट केलं, खर्च सरकारचा. २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी बीबीसीशी बंद दाराआड करार केला आणि तो खर्च बीबीसीच्या गळ्यात टाकला. वृद्धांना सवलत हे समाजकल्याणाचं काम, ते एका प्रसारणसंस्थेने का करायचं? पण सनदेचं नूतनीकरण तोंडावर होतं, बीबीसीने मान्य केलं. एवढा भार पेलवेना म्हणून ऑगस्ट २०२० पासून ही सवलत फक्त ‘पेन्शन क्रेडिट’ मिळणाऱ्यांपुरती राहिली. शिव्या कुणाला बसल्या? बीबीसीला. निर्णय मुळात कुणाचा होता ते लोक विसरूनही गेले.

पेन्शन क्रेडिट हा अगदी गरीब वृद्धांना मिळणारा पूरक भत्ता. आजींना तो मिळत नव्हता, कारण कारखान्याचं छोटंसं पेन्शन त्यांना मर्यादेच्या जराशा वर नेत होतं. म्हणून लायसन्सचे १५७.५० पौंड भरा. चार वर्षांनी, २०२४ च्या जुलैमध्ये, नव्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी हिवाळ्यातलं इंधन अनुदान त्याच पेन्शन क्रेडिटच्या रेषेवर आणून ठेवलं. एकट्या माणसासाठी ती रेषा तेव्हा आठवड्याला २१८.१५ पौंडांवर होती. जवळपास एक कोटी वृद्धांचं अनुदान गेलं, त्यात आजींचे तीनशे पौंडही. एक निर्णय हुजूर पक्षाचा, एक मजूर पक्षाचा, आणि दोन्ही वेळा कात्रीत सापडली ती त्या रेषेच्या अगदी वरची बाई. लोक इतके चिडले की जून २०२५ मध्ये सरकारने वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना अनुदान पुन्हा सुरू केलं. तोवर एक हिवाळा सरला होता. त्या हिवाळ्यात आजी कोट घालून जेवायला बसायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच हिवाळ्यात त्यांनी टीव्ही नातवाला देऊन टाकला. लायसन्स रद्द, तेवढेच पैसे वाचले. रेडिओला लायसन्स लागत नाही, तो राहिला.

इथे माझी तक्रार स्पष्ट मांडते. लायसन्स सगळ्यांना सारखं आहे. वाड्यात राहणाऱ्या लॉर्डसाहेबाला जेवढं, तेवढंच किल्लीच्या मीटरवर जगणाऱ्या बाईला. न भरता टीव्ही पाहिला तर फौजदारी खटला होतो आणि अशा खटल्यांत दोषी ठरणाऱ्यांत चारांतल्या जवळजवळ तीन बायका असतात. चौकशीचा माणूस येतो तेव्हा दार उघडायला घरी त्याच असतात, एकटीने संसार ओढणाऱ्याही त्याच जास्त. ज्या संस्थेवर मी जीव टाकते तिच्या पायाशी हा अन्याय आहे. बीबीसीचे विरोधक तो दाखवतात तेव्हा त्यांना खोटं ठरवता येत नाही.

आणि सरकारचा दुसरा हात बघा. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या मंत्री नदीन डॉरिस यांनी लायसन्सची रक्कम दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवली. कारण दिलं लोकांच्या घरखर्चाचं. घरटी बचत महिन्याला एखाद्या पौंडाची. ११ टक्के महागाईत बीबीसीला मात्र मोठी झळ बसली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे त्या आठ मुलाखतींना महिना होतो न होतो तोच, स्थानिक रेडिओत कपात जाहीर झाली : प्रत्येक केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनपर्यंतच, नंतर शेजारच्या केंद्रांशी वाटून घ्यायचे. पैसा स्थानिक ऑनलाइन बातम्यांकडे वळवतो आहोत, असं बीबीसीने सांगितलं. आजींकडे स्मार्टफोन नव्हता. पत्रकार संपावर गेले, तरीही २०२३ मध्ये ते अंमलात आलं. मला वाटतं बीबीसीच्या वरिष्ठांनी इथे मोठी चूक केली. जिथे तिची मुळं सर्वांत खोल होती, तिथेच कुऱ्हाड चालवली.

स्थानिक पत्रकार नसला की काय होतं? मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म यूके या उजव्या विचारांच्या पक्षाने दहा कौन्सिलं जिंकली. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमशर काउंटी कौन्सिलच्या नेत्याने ‘नॉटिंगहॅम पोस्ट’च्या पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बीबीसीच्या पैशातून नेमलेले स्थानिक लोकशाही वार्ताहरही त्यात आले. कायदेशीर इशारा गेल्यावर पुढे ही बंदी मागे घेतली. रस्त्यातले खड्डे, शाळेची बस, वृद्धांची देखभाल हे सगळं त्या कौन्सिलच्या हातात असतं.

नोव्हेंबर २०२५ मधला गदारोळ तुम्ही वाचला असेल. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातले दूरदूरचे तुकडे बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने सलग जोडले होते. चूकच ती, गंभीर चूक. महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. बीबीसीच्या ज्या अध्यक्षांनी माफी मागितली ते समीर शाह आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जन्मलेले. त्यांच्या आधीचे रिचर्ड शार्प यांना २०२३ मध्ये जावं लागलं, कारण तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या ८ लाख पौंडांच्या कर्जाच्या जुळवाजुळवीत आपला हात होता हे त्यांनी नेमणुकीच्या वेळी पुरतं उघड केलं नव्हतं. अध्यक्ष नेमण्यात सरकारचा हात असतो, रक्कम ठरवण्यातही असतो. एवढे दोन हात सुटले तर बाकीच्या वादळांना बीबीसी तोंड देईल, असा माझा विश्वास आहे.

सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. तेव्हाच्या संस्कृतिमंत्री लिसा नँडी यांच्या खात्याने डिसेंबर २०२५ मध्ये जी चर्चापत्रिका काढली तिच्यात जाहिराती आणि वर्गणी हेही पर्याय आहेत. वर्गणी लावली तर आजींसारखी माणसं सर्वांत आधी बाहेर पडतील. जाहिराती घेतल्या तर जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्ही वाहिनीचा आणि स्थानिक वर्तमानपत्रांचा घास जाईल. मला फिनलंडचा मार्ग पटतो. तिथे २०१३ पासून प्रसारणाचा कर उत्पन्नाप्रमाणे आहे, वर मर्यादा आहे आणि कमी उत्पन्नवाल्याला माफ आहे. त्याला जर्मनीची जोड द्यावी. तिथे किती पैसा लागेल हे एक स्वतंत्र आयोग सांगतो. एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये घटना न्यायालयाने ती लागू करायला लावली.

हे सगळं आपण का ऐकायचं, असं कुणी विचारेल. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना शिरोळच्या वेणू चितळे बीबीसीच्या माइकसमोर बसत. रेशनच्या दिवसांत मांसाशिवाय काय रांधावं हेही त्यांनी ब्रिटिश श्रोत्यांना सांगितलं. आणीबाणीत खरं काय चाललंय हे कळावं म्हणून माझे वडील दार लावून, आवाज बारीक करून बीबीसी लावायचे. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली तेव्हा ते नव्हते. परदेशी भाषांच्या त्या सेवेचा बराचसा खर्चही २०१४ पासून याच लायसन्समधून निघतो. म्हणजे वडिलांच्या त्या बारीक आवाजासारख्या प्रसारणाचे पैसे माझ्या शेजारच्या आजी त्यांच्या पेन्शनमधून भरत होत्या, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग ते माझे पैसे बरे लागले की.”

भारतात परतण्याआधी निरोप घ्यायला गेले तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. रेडिओ चालू होता, बातमी कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या वाहतूककोंडीची. आजींनी उठून तो बंद केला. “उद्या सकाळी सहाला लावीन,” म्हणाल्या, आणि मीटरकडे पाहून चहाचं आधण ठेवलं, दोन कपांपुरतंच.